रस्त्यावरील अपघात : इयत्ता पाचवीसाठी एक पाठ

लातूर, देगलूर आणि बिदर येथून येणारे रस्ते उदगिरास मिळतात. या रस्त्यांलगतच्या गावांतील मुलांस अपघात ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. अपघात झाला की गावात पहिला प्रश्न निघतो, 'चूक कोणाची?' प्रस्तुत पाठात मुलांस वेगळा प्रश्न विचारावयास शिकवावयाचे आहे : 'हे कोणकोणत्या कारणांनी घडले?'

या विषयावर जाणत्यांतही मतभेद आहेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरील अपघातांत मरण पावली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. यावरून एक पक्ष म्हणतो, चालकांना शिस्त लावा. दुसरा पक्ष म्हणतो, वेगाची नोंद होते, पण वळणावरचा खड्डा आणि खचलेली साइडपट्टी नोंदीबाहेर राहते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्त्याबद्दल तो बांधणाऱ्यासही दंड ठरविला आहे. आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य आहे; मुलांपुढे मात्र बहुधा पहिलाच मांडला जातो.

उदाहरण आपल्याच भागातले घ्यावे. ऊस गाळपाच्या हंगामात, रात्री, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर टायर फुटून रस्त्यातच उभा आहे. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. खूण म्हणून चार दगड मांडलेले आहेत. मागून मोटारसायकल येऊन आदळते. मुले प्रथम 'वेग' असे सांगतील. ते बरोबरच आहे. पण 'आणखी काय?' असे विचारीत जावे. दिवा, रिफ्लेक्टर, हेल्मेट, अरुंद रस्ता अशी कारणे निघतील. ट्रॅक्टर निघून गेल्यावर दगड तेथेच राहतात, हे एखाद्या मुलाने सांगितले तर त्यास अवश्य शाबासकी द्यावी.

नंतर वर्ग मैदानावर न्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरावे. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे ९ मीटर लागतात, एकूण २०. वेग ८० केला की पहिले अंतर दुप्पट होते, दुसरे मात्र चौपट. एकूण सुमारे ५८. दोन्ही अंतरे दोरीने मोजून चुन्याने आखावीत. मोटारसायकलच्या दिव्याचा उजेड ४० मीटर पडतो असे मानून तेथे एक मुलगा उभा करावा. तो कोणत्या रेषेच्या आत आहे, हे मुलांनीच सांगावे. येथे व्याख्यानाची गरज उरत नाही.

एक गैरसमज शिक्षकांतही आढळतो. 'डावीकडून चाला' हा नियम वाहनांचा आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. शाळेत ये-जा करणाऱ्या मुलांस हे आधी सांगावे.

जखमी माणसास मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती घरोघरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आले. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक फलकावर लिहून मुलांकडून पाठ करून घ्यावा, आणि घरी पालकांसही सांगण्यास सुचवावे.