जून झालेल्या घेवड्याचा उपयोग

श्रावणघेवड्याच्या वेलावर चार दिवस नजर गेली नाहीं कीं शेंगा जून होतात. त्या वेलावर तशाच राहूं देण्यांत तोटा आहे. कारण बीं पक्व होऊं लागलें म्हणजे वेल नवीन शेंगा कमी धरतो. बियाण्यासाठीं दोनचार निरोगी वेल आरंभींच खूण करून राखावे. हंगामाच्या शेवटीं उरेल तें बीं धरण्याची चाल बरी नव्हे.

तोडलेली शेंग वांकवून पाहावी. कटकन् मोडल्यास शिरा काढून भाजी करावी. नुसतीच लवल्यास दाणे सोलून उसळ करावी व टरफलें गुरांस घालावीं. सातारा जिल्ह्यांत कोरेगांवकडे वाघ्या घेवडा दाण्याकरितांच पेरतात. तेव्हां जून शेंग म्हणजे वायां गेलेला माल, असें समजूं नये.

मात्र एक गोष्ट घरांत अवश्य सांगावी. या दाण्यांत, विशेषतः तांबड्या जातींत, एक विषारी द्रव्य असतें. ४-५ कच्चे दाणेही वांत्या व जुलाब होण्यास पुरतात. म्हणून मुगाप्रमाणें मोड आणून ते कच्चे खाऊं नयेत. वाळलेले दाणे रात्रभर भिजवून तें पाणी टाकून द्यावें. ओले असोत वा वाळलेले, नव्या पाण्यांत ते निदान अर्धा तास खळखळ उकळावे. नंतर मऊ होईपर्यंत शिजवावे. नुसत्या मंद आरावर ठेवल्यास दाणा मऊ होतो, पण विष जात नाहीं. चिंच किंवा आमसूल दाणा बोटानें दबूं लागल्यावरच घालावें. आधीं घातल्यास तो शिजतां शिजत नाहीं.