न सांगता चालणारा कारभार

वैशाखात पांढुर्ण्याच्या बाजारातून किंवा सौंसरच्या शिवारातून आपण घामाघूम होऊन घरी येतो, घटकाभर खाटेवर आडवे होतो आणि कोणी हाक मारताच ताडकन उठून उभे राहतो. उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मेंदूस ते कमी पडू नये म्हणून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नाडी जलद होते. हा हुकूम दिला कोणी? आपण तर नव्हे! घाम, पचन, मूत्राशय, नाडी यांचा कारभार स्वायत्त मज्जासंस्था परस्पर पाहते.

हा कारभारच हळूहळू ढासळू लागला तर? अशा रोगाचे वर्णन शाय व ड्रेगर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० साली केले. १९६९ पासून त्यास 'मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी' हे व्यापक नाव मिळाले. मेंदूच्या पेशींत आल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन साचते व मज्जापेशी झिजत जातात. रोग विरळ आहे, बहुधा पन्नाशीच्या सुमारास येतो, एकापासून दुसऱ्यास होत नाही. उठताच अंधारी येते, लघवीवर ताबा राहत नाही, चाल अडखळते. प्रथम कंपवातच वाटतो. पण कंपवाताच्या औषधाने टिकाऊ गुण येत नाही. पुष्कळांचा घामही आटतो, मग आपल्याकडचा उन्हाळा असह्य होतो.

घरात मात्र 'म्हातारपणाची भोवळ' म्हणून सोडून देतात. जामसावळीच्या मारुतीपुढे माथा टेकणाऱ्यांस आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु रक्तदाबही मोजावा, आणि तो दोनदा. केवळ निजवून मोजल्यास फसगत होते, कारण अशा रोग्याचा दाब निजलेला असता कित्येकदा वाढलेलाच असतो. पाच मिनिटे निजवून मोजावा, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० वा अधिक उतरला, तर मज्जाविकारतज्ज्ञास दाखवावे. त्यासाठी आपणांस नागपूर जवळ. भोवळीची इतर कारणेही असतात, हे ध्यानात असावे.

रोग बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि टप्प्याटप्प्याने उठणे, उठण्यापूर्वी पेलाभर पाणी पिणे, खाटेची उशाकडची बाजू उंच करणे, यांनी पडणे पुष्कळ टळते.

पुढे वाणी अस्पष्ट होते, जाण मात्र बहुतेकांची शाबूत राहते. 'बाबांना आता काही कळत नाही,' असे एका घरी रोग्यादेखत बोललेले आम्ही ऐकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.