शरणपूरची मुले

पनवेलहून किनाऱ्याच्या बाजूने दक्षिणेकडे निघाले, की अलिबाग मागे टाकल्यावर मुरूड लागते. तेथे भर समुद्रात उभा असलेला जंजिरा किल्ला तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. तो किल्ला पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या ताब्यात होता, ते सिद्दी मूळचे आफ्रिका खंडातील. निजामशाहीचा कारभार कुशलतेने चालविणारा मलिक अंबर हाही आफ्रिकेतच जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला होता.

या कर्तबगार पुरुषांची नावे इतिहासात आहेत. परंतु त्याच खंडातून आलेली, आपल्या नाशिकला शिकलेली आणि मोठेपणी पुन्हा आफ्रिकेत गेलेली काही मुले होती. त्यांची हकीकत फारशी कोणाला ठाऊक नाही. ती आज आपण वाचू.

आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आपला कोकण किनारा यांच्यामध्ये अरबी समुद्र पसरला आहे. शिडाची गलबते वाऱ्यावर चालत. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारा वारा त्यांना आफ्रिकेकडे नेई. पुढे नैर्ऋत्येकडून मोसमी वारा सुरू झाला, की तोच त्यांना अरबस्तानाकडे व हिंदुस्थानाकडे आणी. या गलबतांतून हस्तिदंत, लवंगा, खजूर, कापड असा माल येई-जाई. आणि सांगावयास दुःख होते की, याच गलबतांतून माणसेही विक्रीसाठी नेली जात. खेड्यांवर छापे घालून पकडलेली माणसे शेकडो मैल चालवीत किनाऱ्यावर आणीत. झांझिबार बेटावर तर गुलामांचा मोठा बाजारच भरत असे. तो १८७३ साली बंद झाला.

या व्यापारात लहान मुलांची फार दैना होई. आईबापांपासून तुटलेले आठ-दहा वर्षांचे मूल आपले गाव कोणते, ते कोणत्या दिशेला आहे, हेही सांगू शकत नसे. त्याची भाषा समजणारे कोणी जवळ नसे. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता त्याला स्वतःच्या घराचा रस्ताच उरत नसे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या लढाऊ बोटी या समुद्रात गस्त घालू लागल्या. गुलाम नेणारे गलबत सापडले, की ते पकडून त्यातील माणसांना मुक्त करीत. पण मुक्त झालेल्या मुलांनी जावे कोठे? गावी परत पाठवावे, तर वाटेत पुन्हा पकडले जाण्याचे भय. म्हणून पुष्कळांना मुंबई बंदरात उतरविण्यात येई. त्यांपैकी काहींना निरनिराळ्या घरांत कामाला ठेवले गेले. काही गोदीत व बोटींवर राबू लागले. आणि काही मुलामुलींची रवानगी नाशिकजवळच्या शरणपूर या वस्तीत झाली.

शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे, आसऱ्याचे गाव. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यांनी १८५० नंतरच्या दशकात ही वस्ती वसविली. तेथेच मुक्त केलेल्या आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रयगृह चालविले जाई. आज नाशिक शहर वाढत वाढत तेथवर पोहोचले आहे. शरणपूर रस्ता हा तेथील गजबजलेला रस्ता आहे.

या आश्रयगृहातील दिनक्रमात शिक्षण आणि काम यांची सांगड घातलेली होती. मुले लिहावयास, वाचावयास व हिशेब करावयास शिकत. त्यांना इंग्रजी शिकविले जाई. भोवतालच्या लोकांत राहून येथील बोलीही त्यांच्या कानांवर व जिभेवर बसे. त्याबरोबरच सुतारकाम, लोहारकाम, शेती अशी हाताची कामे शिकविली जात. मुली शिवणकाम व घरकाम शिकत. मोठेपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता.

मात्र या आश्रयाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. मुलांना तेथे नवा धर्म मिळाला आणि नवी इंग्रजी नावेही मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही त्यांची नावे वाचून कोणाला वाटेल, की ही मुले विलायतेतील असावीत! त्यांच्या आईबापांनी त्यांना कोणत्या नावाने हाक मारली होती, हे बहुतेकांच्या बाबतीत कोठेच लिहून ठेवलेले नाही. अन्न, वस्त्र व विद्या मिळाली. पण नाव गेले. हा तोटा लहान नव्हे.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे प्रसिद्ध प्रवासी मुंबईस आले. आफ्रिकेच्या अंतर्भागातील नद्या व सरोवरे शोधण्याच्या नव्या मोहिमेची ते तयारी करीत होते. गुलामांच्या व्यापाराचे भयंकर स्वरूप त्यांनी जगापुढे मांडले होते. सोबत्यांच्या शोधात ते नाशिकला गेले आणि शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर जाण्यास तयार झाले. मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकणारा चुमा हा मुलगाही निघाला. चुमाला काही वर्षांपूर्वी आफ्रिकेतच गुलामगिरीतून सोडविले होते. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझिबारकडे रवाना झाली. पुढे १८७२ साली शरणपूरचे आणखी काही तरुण लिव्हिंग्स्टन यांना जाऊन मिळाले. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. तो मूळचा याओ जमातीचा होता.

मे १८७३ च्या आरंभी, आज झांबिया या देशात असलेल्या चितांबो नावाच्या गावी, आजाराने जर्जर झालेल्या लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. सोबत सुमारे साठ माणसे होती. धनी गेला, मजुरी देणारा कोणी उरला नाही. सामान वाटून घेऊन घरची वाट धरली असती, तरी त्यांना विचारणारे तेथे कोणी नव्हते. पण त्या सर्वांनी एकविचाराने ठरविले, की लिव्हिंग्स्टन यांचा देह व त्यांची सर्व कागदपत्रे समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवावयाची.

सामानाची यादी करणे जरूर होते. ते काम, लिहिता येते म्हणून, जेकबकडे आले. पेटीतील वस्तू त्याने एकेक करून नोंदविल्या. लिव्हिंग्स्टन यांचे हृदय एका मोठ्या वृक्षाखाली पुरण्यात आले. तेथे जेकबने प्रार्थना वाचली, आणि मग त्याने त्या वृक्षाच्या खोडावर अक्षरे कोरली.

काय कोरले त्याने? वर लिव्हिंग्स्टन यांचे नाव, त्यानंतर मे महिन्याची तारीख व साल, आणि खाली तांड्याच्या तीन प्रमुखांची नावे. ती तीन नावे आफ्रिकन होती. कोरणाऱ्याने स्वतःचे नाव मात्र त्यात घातले नाही. पुढे १८९९ साली खोडाचा तो भाग कापून लंडनला नेण्यात आला, तेव्हा सव्वीस वर्षांपूर्वीची ती अक्षरे जगाने पाहिली.

नंतरचा प्रवास अतिशय खडतर होता. उन्हात वाळविलेला देह झाडाच्या सालीत व कापडात गुंडाळून, हजार मैलांहून अधिक अंतर ते चालले. वाटेत ताप होता, भूक होती. मृतदेह आपल्या गावावरून नेऊ देण्यास लोक भीत. म्हणून देहाचा गठ्ठा कापडाच्या मालाच्या गठ्ठ्यासारखा बांधावा लागला. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने, देह येथेच पुरा, असा सल्ला दिला. त्यांनी तो नम्रपणे, पण ठामपणे नाकारला. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते बागामोयो बंदरात पोहोचले. जेकब बोटीने देहाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत हा शरणपूरचा विद्यार्थीही होता.

या सर्व काळात जेकब रोजनिशी लिहीत असे. ती आज स्कॉटलंडमधील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. या प्रसंगाच्या वेळी हजर असलेल्या आफ्रिकन माणसाच्या हातची अशी दुसरी रोजनिशी उपलब्ध नाही. एकेकाळी ज्याला वस्तू म्हणून विकले, त्याच मुलाचे अक्षर आज इतिहासाचा पुरावा म्हणून वाचले जाते. विद्येचे सामर्थ्य ते हेच!

शरणपूरच्या इतर मुलांनीही आपले शिक्षण वाया जाऊ दिले नाही. १८७५ च्या सुमारास आफ्रिकेत मोंबासा बंदरासमोर फ्रियरटाउन नावाची वस्ती वसविण्यात आली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला हे नाव पडले. गलबतांवरून नव्याने सुटलेल्या गुलामांना तेथे आसरा मिळे. ही वस्ती उभी करण्यासाठी प्राइस गेले, आणि शरणपूरची शिकलेली माणसेही आपल्या बायकामुलांसह गेली. सुतार, लोहार, शिक्षक अशी कामे त्यांनी केली. नव्याने सुटून आलेल्या घाबरलेल्या मुलांना धीर देण्यास त्यांच्याइतके योग्य दुसरे कोण असणार? गुलाम पकडणारे चालून आले, तर इशारा देण्यासाठी तेथे एक घंटा टांगलेली होती. स्वाहिली भाषेत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात. त्यावरून त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात.

विल्यम जोन्स तर १८६४ सालीच मोंबासाकडे गेले होते. जवळच्या रबाई गावी ते काम पाहत असताना, मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना त्यांनी आसरा दिला. हे काम धोक्याचे होते. चिडलेले मालक केव्हाही हल्ला करतील, अशी भीती होती. शेवटी मालकांना मोबदला देऊन तडजोड झाली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाई व आसपासच्या ठाण्यांतील सुमारे चौदाशे माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. स्वतः कधी काळी गुलाम असलेल्या माणसाने इतरांच्या मुक्तीसाठी दार उघडे ठेवले होते.

मुलांनो, जगात आजही युद्धामुळे, दुष्काळामुळे किंवा गरिबीमुळे घरापासून दुरावलेली पुष्कळ मुले आहेत. कोणी आपल्या गावच्या बालगृहात राहत असेल, कोणी आपल्याच वर्गात शेजारी बसत असेल. अशा मुलाला पुस्तक व पाटी द्यावी, हाताला कसब द्यावे; पण त्याहीआधी त्याचे नाव विचारावे, आणि त्याच नावाने त्याला हाक मारावी. शरणपूरने आपल्या मुलांना पुष्कळ दिले, एवढे एक मात्र ते देऊ शकले नाही. ज्याचे स्वतःचे नाव हरवले होते, त्या जेकबने आपल्या सोबत्यांची नावे झाडावर जपून ठेवली, हे आपण विसरू नये.

शब्दार्थ

गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी. आश्रयगृह – निराधारांना आसरा देणारे घर. दैना – हाल. सांगड घालणे – जोडणे. जर्जर – खंगलेला. तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह. कसब – हातातील कौशल्य.

स्वाध्याय

१. मुक्त केलेल्या मुलांना त्यांच्या गावी परत का पाठवीत नसत?
२. शरणपूरच्या आश्रयगृहात मुलांना काय मिळाले व त्यांचे काय गेले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. लिव्हिंग्स्टन यांच्या सोबत्यांनी कोणता निश्चय केला? तो पार पाडताना कोणत्या अडचणी आल्या?
४. जेकबने झाडावर स्वतःचे नाव का कोरले नसेल, असे तुम्हांस वाटते?
५. नकाशात नाशिक, मुंबई, झांझिबार, मोंबासा व झांबिया ही स्थळे दाखवा.
६. तुमचे नाव कोणी व का ठेवले, हे घरातील वडील माणसांना विचारून दहा ओळी लिहा.