निवड आपली, जबाबदारीही आपलीच



तेरखेड्याचे नाव फटाक्यांसाठी घेतले जाते. कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावल्याच्या बातम्याही आपण ऐकल्या आहेत. अशा वेळी लोक म्हणतात, 'देवाची मर्जी!' या शब्दांचा आज जरा विचार करू या.

स्फोटके नियम, २००८ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला किंवा नशेत असलेल्या माणसाला अशा ठिकाणी पाऊलही ठेवता येत नाही. काडेपेटी, विडी आत नेता येत नाही. एका खोलीत माणसे किती, माल किती, यालाही मर्यादा आहे. जिथे मालक चार माणसांच्या जागी दहा बसवतो, कामगार खिशात विडी ठेवतो किंवा बाप पोराला मदतीला नेतो, तिथे प्रत्येकाने निवड केलेली असते. ती देवाने केलेली नसते. आपल्या निष्काळजीपणाला देवाची मर्जी म्हणणे म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणेच होय.

ही सवय जुनी आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा सापाकडे. बाबेलच्या बंदिवासातील लोक आपल्या दशेचा दोष वाडवडिलांना देत होते. यहेज्केल संदेष्ट्याने (अध्याय १८) त्यांना बजावले की, प्रत्येकाचा न्याय त्याच्या स्वतःच्या वागणुकीवरून होईल. पिलाताने तर लोकांसमोर हात धुतले, पण निकाल त्याचाच होता.

मग गरिबाने काय करावे? पोटासाठी धोका पत्करणारा आणि नफ्यासाठी दुसऱ्याला धोक्यात घालणारा, दोघे सारखेच दोषी का? नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक धर्मशिक्षा स्पष्ट सांगते की अज्ञान, भीती, जबरदस्ती, सवय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधीकधी उरतही नाही. म्हणून दुसऱ्याचा न्याय करताना आपण सावध असावे. मात्र स्वतःसाठी ही सवलत घाईने मागू नये. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल म्हणतो की, दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला नशा ही सबब होत नाही, कारण न पिणे त्या माणसाच्या हाती होते. 'मला माहीत नव्हते' म्हणण्यापूर्वी, माहिती करून घेणे आपल्या हाती होते का, हे स्वतःला विचारावे.

हीच कसोटी घरीही लावावी. व्यसन, लग्नासाठी काढलेले कर्ज, शाळा सोडवलेली मुलगी, भावाशी धरलेला अबोला. 'सगळेच करतात', 'परिस्थितीच तशी होती', असे आपण सहज म्हणून जातो. मिस्साबलीच्या आरंभी मात्र आपण स्वतःच्याच छातीवर हात मारतो, शेजाऱ्याच्या नव्हे.

या आठवड्यात पापनिवेदनास येण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, असे आम्ही सुचवतो. मी काय निवडले? त्याची झळ कोणाला लागली? ती भरून काढायला आज मी काय करू शकतो?

उधळ्या पुत्रापाशीही सबबी होत्या. दूर देशात दुष्काळ पडला होता, पैसा संपला होता. पण त्याने दुष्काळाला दोष दिला नाही. चूक आपली म्हटली आणि तो घराकडे निघाला. तो अजून दूर असतानाच पित्याने त्याला पाहिले. जबाबदारी घेणाऱ्याला देव दटावून परत पाठवत नाही. तो त्याच्याकडे धावत येतो.

प्रभू येशू आपणा सर्वांना हे धैर्य देवो.