किडलेली दाढ : काढावी की राखावी?



विनयपिटकातील चुल्लवग्गात दातांविषयी एक प्रसंग आहे. भिक्खू दात घासण्याची काडी वापरीत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. तथागतांनी दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली व ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले. त्यात मुखदुर्गंधी आहे, चव न कळणे आहे आणि जेवण गोड न लागणेही आहे. पुढे काही वात्रट भिक्खू लांब काडीने श्रामणेरांना मारू लागले, म्हणून काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको असे ठरले. एकाच्या घशात आखूड काडी अडकली, तेव्हा ती चार अंगुळांपेक्षा आखूडही नको असा नियम झाला. इतक्या बारकाईने जिथे दाताच्या काडीचा विचार झाला, त्या परंपरेतील आपण दातांच्या बाबतीत मात्र फार बेफिकीर आहोत.

आपल्या वस्त्यांमधून काय दिसते? दाढ दुखली की लवंगेचे तेल, नाहीतर तंबाखूची चिमूट. आयाबाया तव्यावर तंबाखू भाजून मिश्री लावतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली; पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? आणि फारच ठणका लागला की एकच सल्ला मिळतो, "काढी टाक!"

दाताचे वरचे कवच म्हणजे इनॅमल. ते कठीण असते व त्याला संवेदना नसते. तोंडातील जंतू गोड व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने कवच झिजते. 'कीड' म्हणतात ती हीच. अळी वगैरे काही नसते. कीड वरच्या थरात असेल तर खड्डा साफ करून सिमेंट भरले की काम भागते. ती आतल्या मऊ गाभ्यापर्यंत, म्हणजे जिथे नस व रक्तवाहिन्या असतात तिथपर्यंत पोहोचली की खरे दुखणे सुरू होते. गाभ्याला सूज येते, पण भोवती कठीण भिंती असल्याने सुजायला जागा नसते. म्हणूनच ठणका असह्य होतो व रात्री आडवे पडल्यावर वाढतो. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणे आपोआप थांबते. घरातले म्हणतात, बरे झाले. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकाकडे सरकत असतात. मग हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो.

रूट कॅनाल म्हणजे हा खराब गाभा काढून दात जागेवर राखणे. बधिरतेचे इंजेक्शन देऊन वरून छिद्र पाडतात, बारीक सुईसारख्या फाइलने मुळातील नळ्या खरवडतात, औषधी द्रावणाने धुतात व एक्स-रे पाहून त्या नळ्या गट्टापर्चाने बंद करतात. समोरच्या दाताला बहुधा एकच नळी असते, दाढेला तीन-चारही असतात. म्हणून दाढेला वेळ व पैसा जास्त लागतो. एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने १८३८ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगपासून अशी पहिली सुई बनवली असे सांगतात. गट्टापर्चा हा मलायातील झाडाचा चीक, पूर्वी समुद्राखालच्या तारांनाही हाच गुंडाळीत.

आता खरा मुद्दा. नळ्या भरल्या म्हणजे उपचार संपला असे नाही. किडीने व छिद्राने दाढ आतून पोकळ झालेली असते, बाकी राहिलेल्या भिंती पातळ असतात. तिच्यावर कॅप बसवावी लागते. फारच थोडा दात उरला असेल तर आत आधाराची दांडी घालून वर बांधणी करतात व मग कॅप बसवतात. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची असते. धातूची स्वस्त पडते, आणि मागच्या दाढेला ती दिसते कोणाला?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१६ मध्ये माझ्या उजव्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले. डॉक्टरांनी कॅप लवकर बसवा म्हणून बजावले होते. पण दुखणे थांबले होते, त्यात मुलीच्या शाळेचा खर्च आला. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात असे करीत आठ महिने गेले. कर्जाचा शेवटचा हप्ता राहिला तरी खाते बंद होत नाही हे काउंटरवर बसून रोज लोकांना सांगणारा मी! एके दिवशी फुटाणे खाताना कट्कन आवाज आला. दाढ उभी चिरली होती, चीर मुळापर्यंत गेली होती. मग काढण्यावाचून इलाज नव्हता. पहिला खर्च वाया गेला, आणि त्या रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलू लागली.

दोन वर्षांनी डाव्या बाजूची दाढ दुखू लागली तेव्हा मी धुळ्याला गेलो. साक्री रस्त्यावर अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा साधारणतः कमी येतो. मात्र वेळ द्यावा लागतो. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे एस.टी.ने माझ्या पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला कॅप बसली. अजून कळण्याची भाकरी आणि ठेचा मी त्याच बाजूने खातो.

वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, ही समजूत खोटी आहे. पण त्या भीतीने किडलेली दाढ तशीच ठेवून तोंडात पू वागवणे हेही वाईटच. ज्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत किंवा ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगावे. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवरही असा उपचार होतो. 'पडणारच आहेत' म्हणून सोडून देऊ नये, कारण त्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. जाताना जुने एक्स-रे सोबत न्यावेत आणि पहिल्याच भेटीत कॅपसह एकूण खर्च किती, हे विचारून घ्यावे.