ट्रॅकवर जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं

राइट टाऊन, जबलपूर

चि. मृण्मयीस,


तुझी यादी वाचली. भोकं पाडलेल्या डिस्क, रेसिंगचे पॅड, लाल कॅलिपर, आणि तळाशी, पैसे उरलेच तर, ब्रेक ऑइल. माझं ऐकशील तर ही यादी खालून वर वाच. इरुंगाट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवर तू तुझी पोलो गाडी बंगळुरूहून स्वतः चालवत नेणार आणि संध्याकाळी तीच घेऊन परतणार. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्या मंडळींचे सल्ले तुझ्या उपयोगाचे नाहीत.

आधी हिशेब कर. ताशी 60 किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला जेवढी उष्णता पचवावी लागते, तिच्या पाच पटींहून जास्त 140 वरून थांबताना पचवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शहरात दोन सिग्नलांमध्ये डिस्क निवते. ट्रॅकवर तिला ती उसंत नसते. एकदाच कचकन थांबायचं असेल, तर कंपनीचे ब्रेकही एबीएस लागेपर्यंत चाक आवळतात; त्यापुढे सगळी भिस्त टायरवर. म्हणून मोठ्या डिस्कने गाडी एका ब्रेकमध्ये लवकर थांबेल हा समज डोक्यातून काढ.

आता ऑइल. नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं, आणि पाणी पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेलं की उकळण्याचं तापमान 155 अंशांपर्यंत घसरू शकतं. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. ट्रॅकला जाण्यापूर्वी चारही चाकांचं ऑइल नवं भरून घे, सीलबंद डब्यातलं. गेल्या वर्षी उघडलेला अर्धा डबा नको. आणि डॉट 5 नावाचं सिलिकॉनचं येतं, ते यात मिसळायचं नाही. आकडा जवळचा दिसतो म्हणून लोक फसतात.

पॅड तापून हरले तर गोष्ट वेगळी. तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट असतं, पाय जोर लावतो, आणि गाडी मात्र पुढेच जाते. पेडल मऊ झालं तर ऑइल, घट्ट राहून पकड गेली तर पॅड. हा फरक पायाला कळला पाहिजे. दोन्हींपैकी काहीही जाणवलं की वेग उतरवायचा, हात दाखवायचा आणि पिटमध्ये यायचं. ‘अजून एक लॅप’ नाही.

पॅड घेताना कडेवर छापलेली दोन अक्षरं बघ. पहिलं साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर 0.55 पर्यंत. एफई लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडणारा. तुला किमान एफएफ हवा. मात्र ही चाचणी साडेतीनशे अंशांच्या आतली, आणि ट्रॅकवर डिस्क सहज पाचशेच्या पुढे जाते. म्हणून अक्षरांनी फक्त टाकाऊ माल गाळता येतो, निवड होत नाही.

मग सरळ रेसिंगचेच पॅड का नकोत? ते थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी घरातून निघालीस आणि पहिल्याच चौकात समोर रिक्षा आडवी आली, तर तिथे तुला गरम डिस्क कुठून मिळणार? शिवाय किंचाळतात, डिस्क खातात. तुला रस्त्यावरचे पण जास्त उष्णता सोसणारे पॅड पुरेत, पुढच्या दोन चाकांना. मागे तुझ्या गाडीला ड्रम आहेत, त्यांना हात लावू नकोस. मागची चाकं आधी आवळली गेली तर गाडी गिरकी घेते.

डिस्क साधी, हवा खेळणारी, भोकांशिवायची घे. भोकांच्या कडेपासून तडे जातात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्या जाडीच्या जवळ आलेली डिस्क शहरात चालेलही, ट्रॅकवर नाही, कारण उष्णता साठवायला लोखंड उरलेलं नसतं. ‘डिस्क वाकली’ असं गॅरेजवाले म्हणतात, पण बहुतेकदा पॅडचा थर कमीजास्त चिकटलेला असतो. ते टाळायला शेवटचा लॅप ब्रेक न वापरता काढ, थांबल्यावर पेडल दाबून ठेवू नकोस, हँडब्रेक ओढू नकोस. गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लाव.

नवे पॅड बसवल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, 80 वरून 10-15 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरव, पूर्ण न थांबता. मग ब्रेक न लावता गाडी निवू दे.

इथल्या व्हेइकल फॅक्टरीत आम्ही शक्तिमान ट्रक बनवायचो, तेव्हा जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. दिवाळीला नागपूरहून येताना कुरई घाट लागेल. तिथे नव्या पॅडचा रुबाब नको. गिअर खाली घे.

आणि हो, आपल्याच प्रदेशात पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. तिथे आत सोडा म्हणून माझ्यामागे लागू नकोस.

लाल कॅलिपर पुढच्या वर्षी. आधी डिस्कची जाडी मोजून घे आणि पॅडवरच्या अक्षरांचा फोटो मला पाठव. मगच पैसे दे.

तुझा,
मामा