पाहुणी हो, पण स्वतःच्या बळावर

सांगली
१० फेब्रुवारी

चि. अनघास,


जूनमध्ये लायपझिग आणि फ्रायबुर्गच्या मैत्रिणींना भेटायला जायचं तुझ्या मनात आहे, हे परवा तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. "कधी प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत अशा मुलींकडे ही एकटी एवढ्या लांब जाणार," असं म्हणताना त्याचा आवाज काळजीने भरला होता. मी त्याला म्हटलं, जाऊ दे तिला. जर्मन शिकता शिकता तुम्ही तिघी दर रविवारी बोलता, एकमेकींच्या चुका सुधारता, परीक्षा आणि नोकरीची दुखणी एकमेकींना सांगता. ही ओळख कच्ची आहे असं मी मानत नाही. पण तुला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

मैत्रीवर प्रवासाचा भार टाकू नकोस. व्हिसा, पैसा, पहिला मुक्काम, परतीची वाट हे सगळं तुझ्या हातात असू दे. मग मैत्रिणींकडून घ्यायला फक्त त्यांचा सहवास उरेल, आणि त्याच्यासाठीच तर तू निघाली आहेस.

आधी व्हिसाचं बघ. दोन्ही गावं जर्मनीतली, तेव्हा शेंगेन व्हिसाचा अर्ज जर्मनीकडेच करायचा. तो प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत, म्हणून आत्ताच तारीख घे. फी ९० युरो, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नकोस.

अर्जात खरं तेच लिही. "ऑनलाइन ओळख म्हटलं की नाकारतात, लांबचे नातेवाईक म्हणून टाक," असा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. ओळख कशी झाली, कुणाकडे किती दिवस राहणार, हे चार सरळ ओळींत लिही. सोबत त्यांचं निमंत्रणाचं साधं पत्र, तुझ्या ऑफिसचं रजेचं पत्र आणि बँकेची स्टेटमेंट जोड. विमानतळावरचा अधिकारीही हेच प्रश्न विचारू शकतो. खरं एकदाच ठरवावं लागतं, ते दोन्हीकडे सारखंच येतं.

जर्मनीत फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग नावाचा एक कागद असतो. तो दिला की यजमान पाहुण्याच्या सगळ्या खर्चाला कायद्याने बांधला जातो. पाहुण्याच्या दवाखान्याचं किंवा परत पाठवण्याचं बिल सरकारी तिजोरीवर पडलं, तर ते यजमानाकडून वसूल होऊ शकतं. तुझी लायपझिगची मैत्रीण भाबडेपणाने "मी देते की," म्हणेल. तिला ते करू देऊ नकोस. अजून शिकणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने तुला जामीन राहावं, हे बरं नाही. तुझ्याकडे नोकरी आहे, शिल्लक आहे. स्वतःच्या खर्चाने जाते आहेस, हे कागदोपत्री दाखव. पैसे पुरत नसतील तर वर्षभर थांब, पण उसनवारी करून जाऊ नकोस.

आता सुरक्षिततेचं. दोघींशी तू व्हिडिओवर बोलतेस, त्यांच्या घरची माणसंही पाहिली आहेस, हे चांगलं. तरी लायपझिगच्या पहिल्या दोन रात्री स्वतःच्या पैशाने हॉस्टेल घे. पहिली भेट दिवसाढवळ्या, गजबजलेल्या जागी होऊ दे. हा अविश्वास नव्हे. उलट तीही मोकळी राहील आणि तूही. कुणीही, अगदी कुणीही, "माझी भेट कस्टममध्ये अडकली, तेवढे पैसे भर" असं म्हणालं, तर तिथेच बोलणं थांबव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळव. कुणाचं बंद पार्सल बॅगेत घेऊ नकोस. तिथला आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. बर्लिनच्या भारतीय दूतावासाचा आणि म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेव, कारण फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते.

पाहुणचार घेण्याचीही रीत असते. किती दिवस राहणार ते आधीच ठरव आणि त्यापुढे एक दिवसही राहू नकोस, कितीही आग्रह झाला तरी. तिथे रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळतात, तेव्हा मोठ्याने व्हिडिओ कॉल नको. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, लागेल ते शनिवारीच आण. कचरा कोणत्या डब्यात टाकायचा हे पहिल्याच दिवशी विचार. संध्याकाळी पुष्कळ घरांत ब्रेड, चीज असं थंडच जेवतात. त्याला नाक मुरडू नकोस, पण एक दिवस स्वयंपाकघर मागून घे आणि त्यांना पिठलं-भात करून वाढ.

भेट नेताना जपून. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेव. आंब्यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. शेंगदाण्याची चिक्की न्यायची असेल तर त्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचार. इचलकरंजीची सुती चादर नेलीस तर काहीच आडवं येणार नाही.

मनाचीही तयारी हवी. आठवड्यातून तासभर बोलणं वेगळं आणि न्याहारीपासून रात्रीपर्यंत एका घरात असणं वेगळं. बोलणं अडखळेल, जर्मन तोंडात येता येता राहील, एखादी स्क्रीनवर होती त्यापेक्षा अबोल वाटेल. त्याने खट्टू होऊ नकोस. त्यांनाही तू तशीच नवी वाटत असशील. म्हणून काही दिवस तुझे एकटीचे ठेव. लायपझिगच्या थोमास चर्चमध्ये जा. संगीतकार बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत तिथल्या संगीताची जबाबदारी सांभाळत होता, त्याची समाधीही तिथेच आहे. जवळच्या निकोलाय चर्चपासून पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्धच्या १९८९ च्या सोमवारच्या मोर्चांना सुरुवात झाली. फ्रायबुर्गच्या जुन्या गल्ल्यांतून वाहणारे पाण्याचे छोटे पाट पाहा. दिवसभर आपापलं फिरून संध्याकाळी भेटलात की तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप असेल.

घरच्यांना पत्ते, फोन नंबर, तिकिटं सगळं देऊन जा. जूनमध्ये आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. तिथे संध्याकाळी साडेपाचला फोन केलास तर इथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, बाबा जागाच असेल. रोज दोन मिनिटं बोल. त्याची झोप त्या दोन मिनिटांवर अवलंबून आहे, हे विसरू नकोस.

आणि निघताना दोघींना इकडचं आमंत्रण दे, तोंडदेखलं नव्हे, महिना सांगून. जर्मन नागरिकांना भारताचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकदा तू त्यांच्या घरी आणि एकदा त्या तुझ्या घरी, असं झालं की मैत्री दोन्ही बाजूंनी सारखी होते. थंडीत आल्या तर सांगलीत त्यांची राहायची सोय माझ्याकडे. व्हिसाची तारीख मिळाली की कळव, कागदांवरून एकदा मीही नजर फिरवीन.

तुझी,
आत्या